कुलाबा किल्ल्यातलं गोडं पाणी

आमच्या गावच्या, मोताळ्याच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला, की मला अलिबाग आठवतं. मी तेव्हा कॉलेजात होते. ओहोटी होती म्हणून आम्ही बाप-लेक ओल्या वाळूतून चालतच कुलाबा किल्ल्यात गेलो. चारी बाजूंनी समुद्र, तरी आत गोड्या पाण्याची विहीर. ओंजळभर पाणी पिऊन बाबांनी गाइडला विचारलं, "हे पानी खारं काऊन नाही लागत?"

घोळक्यातल्या पुण्याच्या मुली हसल्या. एकीनं मला विचारलं, "तुझे बाबा का?"

"नाही," मी म्हणाले.

बाबा दोन पावलांवरच होते. गाइडनं त्यांना विचारलं, "काका, सोबत कोण आहे?"

"कोनी नाही. एकटाच आलो," बाबा म्हणाले.

तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.