बुचाचा जनू

मांजर्लीत माणूस मेला की त्याला आंघोळ भाऊकी घालते. अंगावर ओला फडका असतो, पण नवं कापड नेसवताना जे दिसायचं ते दिसतंच. ज्याचं कापलेलं, सुंता झालेलं दिसेल तो बाटला, त्याला खांदा नाही, असं म्हातारे सांगत. तसं कधी कुणाचं दिसलं होतं का, ते मात्र कुणाला सांगता येत नसे. फाळणीनंतरची ती वर्षं. कल्याणजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात नवे आलेले सिंधी लोक तिकडे दंगलीत माणसांना उभं करून कसं तपासत ते सांगत, आणि गवत विकायला गेलेले आमचे गाडीवाले ते तिखटमीठ लावून गावात आणत. चार बोटांच्या लंगोटीत माणसाची जात, धर्म आणि मेल्यावरचे खांदे बांधलेले असतात, हे बायाबापड्यांनाही पाठ झालं होतं.

जनू भोईराचं दुखणं नेमकं त्या लंगोटीत. पुढची कातडी गच्च, मागे सरकतच नसे. लग्नापर्यंत त्याचं काही अडलं नाही. मुतायला त्रास नव्हता, आणि दुसऱ्याचं कसं असतं ते विचारायची सोय नव्हती. अंबरनाथची मोतीबाई घरात आली तेव्हा कळलं. पहिल्याच वेळी गडी असा ओरडला की कुडापलीकडे त्याची चुलतभावजय विठा उठून बसली. कुडाला कान असतात, आणि विठेला तर तोंडही होतं. आठवड्याच्या आत विहिरीवर नाव पडलं, बुचाचा जनू. बाटलीला बूच बसलंय आणि निघत नाय, म्हणून. जनू गवताची गाडी घेऊन निघाला की पोरं तोंडात बोट घालून फट्कन बूच काढल्याचा आवाज करीत.

मोतीबाई जिभेची तिखट, पण बाहेर एक शब्द बोलली नाही. घरात मात्र म्हणाली, "नांगर धरतंस, बैल आवरतंस, आनि एवरंसं कातरं तुला आवरत नाय." दुसरा हंगाम आला तरी घरात पाळणा नाही, म्हणून तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला. भात झोडून झालं की भाऊकी बसवू, तोवर गडी बरा झाला नाही तर काडीमोड, असं तो सांगून गेला.

विठेचा नवरा चंदर हा जनूचा सख्खा चुलतभाऊ. नदीकाठचं जनूचं खाचर चंदरच्या खाचराला लागून होतं. जनूला पोर झालं नाही तर ते चंदरच्या पोरांकडे जाणार, हे बांधावरच्या खेकड्यालाही ठाऊक. चंदर तंबाखू मळत जनूपाशी बसला आणि पाठीवर हात फिरवून म्हणाला, बिब्बा लाव. आमच्याकडे पायात काटा मोडला तरी बिब्बा, कंबर धरली तरी बिब्बा. टाचेची कातडी जिथे हार खाते, तिथे ही बिचारी पातळ कातडी काय टिकणार? जनूने ऐकलं. बिब्बा असा उतला की तिथे वांगं लटकल्यासारखं झालं. जनू पाय फाकवून चाले आणि पोरांचा आवाज आणखी वाढला.

मग चंदर म्हणाला, "आता कापल्याबिगर मोकला व्हनार नायस. कल्यानला न्हावी हाय, पोरांची कापतो तो. मी नेतंय तुला. कुनाला कलनार पन नाय."

कळणार नाही हे चंदर सांगत होता, यातच सगळं आलं. पण दुखणाऱ्याला अक्कल नसते. जनू हो म्हणाला. ठरल्या दिवशी चंदर कल्याणला आधीच जाऊन थांबला, आणि जनू गवताची गाडी घेऊन मागून निघाला. कॅम्प चारच्या बराकींपाशी आला तेव्हा लघवी थेंब थेंब होत होती आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गवत घेणाऱ्या तबेलेवाल्या सिंध्याने त्याला गाडीवरून उतरवलं आणि बराकीतल्या आपल्या डॉक्टरकडे ढकललं.

डॉक्टर लोकूमल जाडा, चिडका माणूस. बघितलं आणि पहिल्यांदा बिब्बा लावणाऱ्याच्या आईचा उद्धार केला. जनूने हात जोडून सांगितलं, कापायचं तर कापा, पण मेल्यावर कळू देऊ नका.

"मरने के बाद कौन पूछता है रे," डॉक्टर म्हणाला. मग खुर्ची ओढून मोडक्या मराठीत नीट समजावलं. आधी ही सूज जाऊ दे. धुवायचं नुसत्या पाण्याने, बाकी काही लावायचं नाही. सूज गेली की रोज कोमट पाण्यात बसायचं, खोबरेल लावायचं आणि कातडी हळूहळू मागे न्यायची. ताण लागेल तिथे थांबायचं, दुखेल तिथपर्यंत जायचंच नाही. जोर केलास तर फाटेल, फाटलेलं भरताना आवळून येईल आणि आहे त्याहून गच्च होईल. मागे नेलेली पुन्हा पुढे आणायची, विसरायचं नाही. मागेच अडकून सुजली किंवा लघवी बंद झाली तर त्याच पावली इकडे. महिने लागतील.

"सुरी कधी कधी लागते. त्यात पाप नाही, माझ्या पोराची मीच कापली," तो म्हणाला. "पण तुला लागेल असं वाटत नाही. कापणं सोपं आहे. परत चिकटवायला कोणी येत नाही."

जनू तिथूनच गाडी वळवून घरी आला. कल्याणला चंदर दिवसभर न्हाव्याच्या दारात बसून राहिला.

सूज उतरली. जनू घमेल्यात कोमट पाणी घेऊन गवताच्या गंजीमागे बसू लागला. पहिले काही आठवडे काहीच हललं नाही. एकदा रागाने जोर केला, भेग पडली, आणि ती भरेपर्यंत हात लावता आला नाही. त्यानंतर तो भात रुजायची वाट बघावी तसा वाट बघायला शिकला. पावसाळाभर कातडी कणाकणाने सैल होत गेली. झोडणी आली तेव्हा ती पुरती मागे जाऊन आपसूक पुढे येत होती. हे सांगायला त्याला कुणी नव्हतं.

चंदरला सांगायला अख्खं गाव होतं. जनूने कॅम्पात जाऊन कापून घेतलं, असं त्याने गावभर केलं. भाऊकी गावदेवीपुढे बसली तेव्हा काडीमोड बाजूला राहिली आणि बाटल्याला वाळीत टाकायचं निघालं. वाळीत टाकलं की बायको गेली आणि खाचरही गेलं.

"कापला नाय तर उगरून दाव," चंदर म्हणाला.

जनूने मोतीबाईकडे पाहिलं. ती बापाशेजारी बसली होती. बायांनी तोंडं फिरवावी, असं म्हाताऱ्या कारभाऱ्याने सांगितलं. सगळ्या फिरल्या, मोतीबाई फिरली नाही.

"माजाच नवरा हाय," ती म्हणाली. "मी कं आभाल बघू?"

जनूने लंगोटी सोडली. सगळी भाऊकी पुढे वाकली. कारभाऱ्याला मोतीबिंदू, तो तर नाक लावायचा बाकी राहिला.

"मागं जातं?"

"जातं."

"परत येतं?"

"येतं."

"दाव."

जनूने दाखवलं. बैल विकताना दात दाखवतात तसं. मागून कुणीतरी बूच काढल्याचा आवाज केला आणि सगळे हसले. जातीत राहिलास, असं कारभारी म्हणाला. मोतीबाई त्याच दिवशी नांदायला आली आणि पुढच्या साली मुलगा झाला. तरी विहिरीवरचं नाव गेलं नाही. मुलालाही बुचाचा पोर म्हणत.

काही वर्षांनी उल्हास नदी गावात शिरली. चंदर वाहती लाकडं धरायला पुरात उतरला आणि ओंडक्याबरोबर गेला. पाणी ओसरल्यावर सापडला तो फुगून. पोरं लहान, म्हणून आंघोळ घालायला जनूच पुढे. भाऊकी भोवती उभी होती, विठा दारात रडत होती.

जनूने चार तांबे ओतले. मग ओला फडका धरला आणि सरळ ओढून काढला.

"बघा," तो म्हणाला. "मंग खांदा द्या."

"झाक रं, मेलाय तो," कारभारी म्हणाला.

"माजं बघितलं तवा मी जिता व्हतो," जनू म्हणाला आणि फडका हातातच ठेवला.

विठेचं रडणं थांबलं. कुणी मान फिरवली नाही. एकेकाने वाकून बघितलं, कारभाऱ्याने सगळ्यात जवळून. सगळ्यांचं बघून होईपर्यंत जनूने फडका टाकला नाही.