शेजारचा क्लच

ट्रक शिकायचं ठरवलं तेव्हा मला कोणीच वेड्यात काढलं नाही. नागपूरहून आई फोनवर जरा कुरकुरली, तेवढंच. नवरा तर चक्क खूश झाला. "कर न, भारी आयडिया आहे," म्हणाला आणि ऑफिसचं काम बाजूला ठेवून माझ्यासोबत ट्रेनिंग देणाऱ्या कंपन्या शोधायला बसला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मला तेव्हा खरोखर वाटलं. आता ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

ट्रकचं खूळ काही आकाशातून पडलं नव्हतं. इथे बेंगळुरूत, कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीत मी मालाच्या गाड्यांचं नियोजन बघायचे. कुठली गाडी कुठे, कोण निघाला, कोण कुठल्या नाक्यावर अडकला, सगळं फोनवर. एसीत बसून मी दिवसभर ट्रक हाकायचे आणि ड्रायव्हर मला "मॅडम, इधर आके देखो" असं सुनवायचे. मग कंपनी बंद पडली, सगळ्यांच्या हातात नारळ आला, आणि मी म्हटलं, आता तिकडे जाऊनच बघू. मोठ्या गाडीला ड्रायव्हर मिळत नाहीत हे रडगाणं मी रोज ऐकलेलं होतं. होसूर रोडवरचा एक ट्रान्स्पोर्टवाला कामामुळे चांगला ओळखीचा झाला होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, लायसन्स घेऊन या, ट्रायल द्या, जमलं तर गाडी तुमची. बाई म्हणून घेणार नाही आणि बाई म्हणून नाकारणारही नाही. त्याच्या या एका शब्दावर मी दुसरी नोकरी शोधणं सोडून दिलं.

शाळा निवडताना मात्र मी घाई केली नाही. कोरमंगलातल्या पहिल्या कंपनीत ट्रकच नव्हता. काचेच्या खोलीत एक सीट, एक स्टेअरिंग आणि समोर मोठा पडदा. पडद्यावरचा रस्ता बेंगळुरूचा म्हणे, पण त्यावर ना खड्डा, ना उलटा येणारा स्कूटरवाला. कॉफी तेवढी चांगली पाजली. दुसरी शाळा आनेकलला, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत. तिथला मालक बनियनवर बसला होता. माझ्याकडे वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "अक्का, पहले स्टेअरिंग नहीं. टायर, जॅक, ग्रीस. स्वल्प नहीं, बहुत कष्ट है." बाईमाणसासाठी तिथे धड संडासही नव्हता. तिसरी मारतहळ्ळीत, आमच्या घरामागेच म्हणावी इतकी जवळ. धुतलेल्या गाड्या, ऑफिसात पंखा, आणि शिकवणारा बीदरकडचा, घरी मराठी बोलणारा. "या ताई," म्हणाला. संपलं! दिवसभर हिंदीत भांडून आणि दुकानात कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, करून दमलेल्या माणसाला परक्या गावात कुणी "या ताई" म्हटलं की पुढची निम्मी चौकशी करायचं सुचतच नाही. नवरा म्हणाला, "इथेच घे. आपला माणूस आहे." मीही तेच म्हणणार होते.

शिकवण्याच्या ट्रकमध्ये शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणाऱ्याचं चुकलं की शिकवणाऱ्याने पाय मारून गाडी सावरायची. हे त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं, लपवलं काही नाही. वर एक नियम घालून दिला. "ताई, नजर समोर. खाली पायाकडं बघितलं की गाडी गेली म्हणून समजा." मी नियम पाळणारी बाई. जवळजवळ दोन महिने मी समोर बघितलं.

आणि काय सांगू, काय गाडी चालायची! पाय टेकवला की क्लच अलगद खाली. सोडताना गचका नाही, चढावर धाकधूक नाही. मारतहळ्ळीच्या पुलाजवळच्या गर्दीत बसच्या मागे रांगत जायचे, पण गाडी एकदाही बंद पडायची नाही. "ताई, तुमचा पायच वेगळा आहे," तो म्हणायचा. "इतके जण शिकवले, असा हलका पाय बघितला नाही." त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी आनंदाने चढले. रात्री जेवताना मी नवऱ्याला माझ्या पायाचं पुराण ऐकवायचे. खुर्चीत बसल्या बसल्या डाव्या पायाने हवेत क्लच दाबून, हळूहळू सोडून दाखवायचे. तो "वा, क्या बात है" म्हणायचा आणि वरण वाढून घ्यायचा. एकदा तर व्हिडिओ कॉलवर आईसमोर त्यानेच मला ते करून दाखवायला लावलं. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

लायसन्सची परीक्षा त्याच गाडीवर, सपाट मैदानात झाली. शेजारी तोच. पास झाले, सोसायटीत पेढे वाटले.

ट्रायलच्या दिवशी होसूर रोडच्या यार्डात माझ्यासाठी एक अर्धी भरलेली गाडी उभी होती. मी शिकले त्याच बनावटीची, त्यामुळे मी निर्धास्त. शेजारी त्यांचा एक वयस्क ड्रायव्हर येऊन बसला. मी ऐटीत सीट पुढे घेतली, गाडी चालू केली, ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत थांबले, सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे. मग क्लचवर पाय टेकवला. तो हललाच नाही. सगळा जोर लावून दाबला तेव्हा कुठे खाली गेला, आणि माझी मांडी थरथरायला लागली. "ये खराब है क्या?" मी विचारलं. म्हातारा म्हणाला, "नहीं अक्का. ऐसाच रहता है."

दोनदा बंद पाडत मी गाडी गेटपर्यंत नेली. गेटाबाहेर रस्त्याला लागताना लहानसा चढ होता. तिथे मी क्लच सोडला, गाडी गचका देऊन बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मागे एक टेम्पो, आणि टेम्पोला टेकून चहा पिणारी माणसं. मी ब्रेक दाबायला पाय उचलला आणि तो भलतीकडेच पडला. ब्रेक नेमका कुठे आहे हे माझ्या पायाला माहीतच नव्हतं, कारण त्याच्यावर ती वेळ कधी आलीच नव्हती. म्हाताऱ्याने हात लांब करून हँडब्रेक ओढला. फस्सकन हवा सुटली आणि ट्रक थांबला. चहा पिणारे ग्लास टाकून पळाले होते.

ट्रान्स्पोर्टवाला ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मॅडम, आप फोन पे ही अच्छे थे."

परतीच्या बसमध्ये मी रडले. पण रडणं ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. दोन्ही गाड्या सारख्या. मग एकीचा क्लच लोण्यासारखा आणि दुसरीचा दगड कसा? बसमधून उतरले ती थेट शाळेत गेले. तो डबा खाऊन हात धूत होता.

"एक चक्कर मारायची आहे," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता."

तो शेजारी चढून बसला. मी म्हटलं, "मांडी घालून बसा."

"काय?"

"सीटवर मांडी घाला. पंगतीला बसतात तशी."

"ताई, कशाला चेष्टा करायलाव?" तो हसला. मी हसत नाही हे बघून त्याने चपला काढल्या आणि पाय वर घेतले. मी क्लचवर पाय ठेवला. दगड! दाबला, सोडला, गाडी गचका खाऊन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. ज्या गाडीवर मी इतके दिवस राणीसारखी हिंडले, ती सपाट जमिनीवर माझ्याने गेटपर्यंतसुद्धा जाईना. तो मांडी घालून काचेतून समोर बघत बसला होता.

"म्हणजे सगळं तुम्हीच चालवत होता?"

"सगळं नाही ताई. स्टेअरिंग तुमचंच होतं."

त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही, पण तोंडाला येईल ते बोलले. आपला माणूस म्हणून आले आणि तुम्ही केसाने गळा कापलात, म्हटलं. आज माणसं चिरडली असती माझ्या हातून, म्हटलं. आवाज ऐकून ऑफिसातली माणसं दारात आली. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग त्याचाही पारा चढला.

"मला एकट्याला कशाला बोलायलाव? तुमच्या साहेबांचा फोन आला होता सुरुवातीलाच. म्हणाले, तिच्या भरवशावर गाडी सोडू नका, पाय काढू नका, तिला कळू देऊ नका. हौस आहे, फिटली की बसेल घरी. घरचं माणूसच सांगायलंय म्हटल्यावर मी कशाला मध्ये पडू?"

मी घरी आले. नवरा कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता. मी त्याचा लॅपटॉप मिटला आणि विचारलं. तो खोटं बोलला नाही, त्याच्या बाजूने एवढंच सांगण्यासारखं आहे.

"अगं, सेफ्टीसाठी सांगितलं होतं. तुला काही झालं असतं तर?"

"आणि रोज जेवताना 'वा, क्या बात है' म्हणायचास, तेही सेफ्टीसाठी?"

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाला, "तू इतकी खूश असायचीस. मला ते मोडायचं नव्हतं."

शाळेवाल्याने फसवलं, ते मी एक वेळ विसरले असते. तो पैसे घेऊन शिकवणारा परका माणूस. शेवटी "ताई" म्हणायला काय लागतं? ट्रक येत नाही याचंही दुःख पचलं असतं, न येणारी गोष्ट शिकता येते. पण मी पाय हलवून दाखवत होते, आणि त्या पायाने काहीही होत नाही हे समोर बसून जेवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मूग गिळून तो रोज तो तमाशा बघत होता, आईलाही दाखवत होता. माझ्या घरात मला एकटीलाच माहीत नव्हतं. खरं तर लाज त्याला वाटायला हवी होती. वाटली मला, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

पुढे मी आनेकलला जाऊन पहिल्यापासून शिकले. टायर, जॅक, ग्रीस, सगळं केलं. डाव्या पायात असे गोळे यायचे की जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायचे. तिथला मालक कौतुक कधीच करायचा नाही. मला ते बरं वाटायचं. ट्रान्स्पोर्टवाल्याकडे पुन्हा गेले, आढेवेढे घेत त्याने दुसरी ट्रायल घेतली, आणि त्या गेटाबाहेरच्या चढावर भरलेली गाडी मी जराही मागे न जाऊ देता उचलली. माझ्या पायाने! म्हाताऱ्याचा हात हँडब्रेककडे गेलासुद्धा नाही. त्याच दिवशी नोकरी मिळाली.

घरी येईपर्यंत कधी एकदा कुणाला तरी सांगते असं झालं होतं. दार नवऱ्यानेच उघडलं. सुट्टी टाकून माझी वाट बघत बसला होता बिचारा. "कशी झाली? सगळं सांग," म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. सांगायला तोंड उघडलंही होतं.

"झाली," म्हटलं, आणि आंघोळीला गेले.