कोंबडीला विचारणारी मालुबाई

"घर तापलंय का, हे माणसाला इचारू नका. माणूस भिडंखातर खोटं बोलतंय. कोंबडीला इचारा."

येळ्ळूरच्या मालुबाईचं हे ठरलेलं बोलणं. लग्नात, बारशात, बसमध्ये, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा तिनं ते म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर पदर तोंडाला लावून स्वतःच हसली.

मालुबाईनं तीस वर्षं भिंतींना चुना लावला. पुढं डब्यातले रंग आले आणि दसऱ्याला तिला बोलावणं येईनासं झालं. एका उन्हाळ्यात, उरलेला चुना वाया कशाला घालवायचा, म्हणून तिनं तो खुराड्याच्या पत्र्यावर ओतला. रोज दुपारी चिंचेखाली चोची वासून धापा टाकणाऱ्या कोंबड्या तिसऱ्या दिवशी एकामागून एक खुराड्यात शिरल्या आणि डोळे मिटून बसल्या. मालुबाई उकिडवी बसून बघत राहिली. आपण जन्मभर भिंती रंगवल्या आणि ऊन तर डोक्यावर पडतंय! एवढं कळायला कोंबड्या लागल्या, याचं तिला इतकं हसू आलं की ठसका लागला. मग चुना घेऊन, शिडी लावून ती आधी स्वतःच्या घरावर चढली, नंतर लोकांच्या.

गेल्या एप्रिलात तिला शहरातल्या वडगावच्या विणकर गल्लीतून तानीबाईचा निरोप आला. तानीबाई सत्तरीची. सोळाव्या वर्षी सून होऊन आली तेव्हापासून ती खड्ड्याच्या मागावर साड्या विणते. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. वर सिमेंटचा स्लॅब. दुपारी तो तव्यासारखा तापे, दोन पंखे गरम वाराच फिरवत राहत, आणि सूत कोरडं पडून तटातट तुटे. त्यात एक दिवस तिला मागावरच चक्कर आली. उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जाणारा तिचा मुलगा बसवंत हादरला. म्हणाला, "आई, येत्या रविवारी माग उचलायचा. मला तू पायजेस, साड्या न्हाईत."

तानीबाईनं दोन दिवस तुटलेलं सूत सांधत काढले. मग मालुबाईला बोलावलं.

मालुबाईनं कळीचा चुना विझवला, त्यात मीठ आणि डिंक घातला, आणि मागाच्या खोलीवरच्या स्लॅबला दोन हात दिले. शेजारच्या खोलीचा स्लॅब मुद्दाम तसाच काळा ठेवला. "शनवारी कोंबडी आणतो," ती बसवंतला म्हणाली. "दोन्ही दारं उघडी ठेवायची. ती मागाकडं बसली तर माग ऱ्हाणार. दुसरीकडं बसली तर खुशाल उचल."

बसवंत हसत म्हणाला, "बरं, मावशी. तुझी कोंबडी, तिचा निकाल."

शनिवारी ती बुट्टीत तांबडी कोंबडी घेऊन बसमध्ये चढली. कंडक्टरनं कानडीत विचारलं, "कोळीगे टिकेट?"

"कोंबडीला कसलं तिकीट? बायकांना फुकट हाय न्हवं? ही बी बाईच हाय."

कंडक्टर मराठीवर आला. "मग आधार कार्ड दाखीव तिचं!"

बस वडगावला थांबली तरी माणसं हसतच होती.

भर बाराला कोंबडी सोडली. ती मागाच्या खोलीत डोकावली, मान वाकडी केली, फडफडत बाहेर आली आणि थेट शेजारच्या खोलीत जाऊन बसली. तानीबाईचा चेहरा उतरला. बसवंतला जिंकूनही बरं वाटलं नाही.

मालुबाई मात्र मागाच्या खोलीत गेली, स्लॅबला हात लावायला स्टुलावर चढली आणि ओरडली, "ह्यो तर भाजतोय! वर कोण गेलंतं?"

शिडीवरून बघते तर पांढरा स्लॅब लालभडक. काठोकाठ संकेश्वरी मिरच्या! चुना दिलेली एवढी लख्ख, स्वच्छ जागा बघून गल्लीतल्या बायकांना राहवलं नव्हतं. शेजारच्या काळ्या, धुळकट स्लॅबवर मिरच्या कोण वाळत घालील?

"कुणी घातल्या गं ह्या?"

खाली शेजारीण अंजनी म्हणाली, "सगळ्यांच्याच हाईत, आक्का. पण पहिलं सूप तानीआक्कांचं."

"व्हय," तानीबाई लाजून म्हणाली. "लई सुंदर दिसत हुतं गं. वरीस झालं असली जागा मिळून."

मालुबाई शिडीवरच बसून हसायला लागली. मग गल्ली हसली, मिरच्या भरता भरता शिंकली, शिंकता शिंकता परत हसली. पोलिसपाटलासारख्या मिशा असलेला बसवंतसुद्धा सोळा शिंका देऊन भिंतीला टेकला. तापलेला स्लॅब घटकाभरात निवत नाही, म्हणून निकाल रविवारवर गेला.

रविवारी बारा वाजता दारात अख्खी गल्ली. कोंबडी मागाच्या खोलीत शिरली आणि बाहेर येईना.

"काल रातभर आईनं तिथं तांदूळ घातलं असतील," बसवंत म्हणाला.

मालुबाईनं लगेच मूठभर तांदूळ शेजारच्या खोलीत फेकले. कोंबडी तुरुतुरु गेली, दाणा न् दाणा टिपला, क्षणभर चोच वासून उभी राहिली, आणि परत येऊन मागाच्या खड्ड्यात उतरली. पावड्यांजवळ पंख पसरून बसली. सगळे दारातून माना वाकवून बघत उभे. थोड्या वेळानं ती कलकलत उठली. खड्ड्यात अंडं होतं.

बसवंतनं वाकून अंडं बाहेर काढलं आणि तो स्वतः खड्ड्यात पाय सोडून बसला. वर बघितलं. दोन्ही पंखे बंद होते, हे त्याला तेव्हा कळलं.

"आई," तो म्हणाला, "मी उठतो. तू बस."

तानीबाई बसली. धोटा गेला, आला. सूत तुटलं नाही.

मालुबाईनं कुंचा आणि बादली उचलली. कोंबडीला बुट्टीत घालायला गेली तर ती मागाखाली दडली. तीनदा बोलावलं, आली नाही.

"ऱ्हा मग," मालुबाई म्हणाली. "तुला आता शेहरातली हवा मानवली."

रिकामी बुट्टी डोक्यावर टोपीसारखी पालथी घालून ती उन्हात येळ्ळूरच्या वाटेला लागली. तानीबाईनं मान वर केली नाही. तिला बारा वाजता विणायला मिळत होतं, ते ती कशाला सोडील? उंबऱ्यावर उभी राहून, एका डोळ्यानं, गल्लीच्या वळणापर्यंत तिला बघत राहिली ती तांबडी कोंबडी.