स्टिअरिंग जड झालंय

आमच्या घरात गेले कित्येक महिने एकच रड चालू होती, स्टिअरिंग जड झालंय. सकाळी चहा घेताना जड झालंय, संध्याकाळी चपला काढताना जड झालंय. मध्येच मी विचारलं, भाजी कुठली आणू, तर त्याचंही उत्तर बहुतेक तेच. मी हो हो म्हणायची आणि माझ्या कामाला लागायची. ज्या माणसाचा उभा जन्म गाडीत गेला त्याला मी काय सांगणार?

आमचे हे भाड्याची गाडी चालवतात. गल्लीत त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, सगळे ‘सावकाश’ म्हणतात. कारण गाडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला यांचा पहिला शब्द तोच. सावकाश बसा, दार सावकाश लावा, फोनवर बोलायचं तर सावकाश बोला. घरात मात्र यांना एक गोष्ट सावकाश झालेली खपत नाही. चहाला जरा उशीर झाला की नाकपुड्या फुगल्याच. लग्न झालं तेव्हा दुसऱ्याची गाडी चालवायचे. पुढे स्वतःची घेतली, तीही वापरलेली, आणि आता ती आम्हा दोघांइतकीच थकली आहे. रोज उठून कोरड्या फडक्याने आधी स्टिअरिंग पुसायचं, मग स्वतःचा चष्मा. ड्रायव्हरच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, बायकोनेसुद्धा नाही. एकदा मी तिथे भाजीची पिशवी ठेवली होती, तर दोन दिवस अबोला धरला होता या माणसाने.

वय झालं तशी गिऱ्हाईकं गळत गेली. शेवटी उरल्या त्या मास्तरीणबाई. शाळेतून केव्हाच निवृत्त झालेल्या, घरी एकट्या, दोन्ही किडन्या निकामी. त्यांना एक दिवसाआड डायलिसिसला न्यायचं, बाहेर थांबायचं आणि परत घरी सोडायचं, हे यांचं काम. येताना बाईंना गरगरतं, म्हणून हे एकेक खड्डा चुकवत गाडी आणतात. बाई दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला तयार नसतात. ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणतात यांना, आणि ते ऐकलं की हे घरी येऊनसुद्धा तासभर ताठ बसतात.

तर मागच्या शुक्रवारी दवाखान्याच्या फाटकातून आत वळताना गाडी पुरती वळलीच नाही. सरळ खांबाला घासली. आरसा मोडला, दार चेपलं. मागच्या सीटवर बाई होत्या. त्यांना काही लागलं नाही, पण हे घरी आले ते पांढरेफटक पडून.

“स्टिअरिंगने दगा दिला,” म्हणाले. “वळतच नाही ते.”

आम्ही गाडी गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने आत बसून इकडून तिकडून फिरवून बघितलं आणि म्हणाला, “काका, स्टिअरिंग एकदम हलकं आहे. ऑइल जुनं झालंय, ते बदला हवं तर. पण जड काही नाही.” झालं! यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो अर्धवट आहे, त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, सगळे नुसते पार्ट बदलणारे झालेत, असं बरंच काही मला रस्ताभर ऐकावं लागलं. येताना वाटेत थांबून यांनी स्टिअरिंग ऑइलची बाटली घेतली.

आता मी काय बघत होते ते सांगते. हे हल्ली कप डाव्या हाताने उचलत होते. शर्टाचं वरचं बटण उघडंच राहत होतं. भांग पाडताना मान कंगव्याकडे जायची, कंगवा डोक्याकडे यायचा नाही. मी एकदा विचारलं तर अंगावर आले, “झोपेत हात अवघडलाय, त्याचं काय एवढं!” मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला गप्पच बसायचं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून त्या गेल्या तोपर्यंत मी त्यांना नाकातल्या नळीतून भरवलं, कूस बदलली, चादरी धुतल्या. आता कुठे रात्रभर सलग झोप लागायला लागली होती. घरात आणखी एक आजारी माणूस मला नको होतं. मी थकले होते, आणि थकलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी दिसत नाहीत.

रविवारी डायलिसिसला सुट्टी, सकाळीच यांनी बाह्या सरसावल्या. म्हणजे एकच सरसावली, उजवी मी सरसावून दिली.

“आईला भरवायच्या त्या मोठ्या सिरिंज आहेत का गं?”

होत्या. न वापरलेल्या, पाकिटातल्या पाकिटात, कपाटाच्या तळाशी. टाकवत नव्हत्या आणि दुसऱ्या कुणाला द्यायलाही मन होत नव्हतं. मी एक काढून दिली. यांनी तिला रबरी नळीचा तुकडा जोडला. एक रिकामी बाटली, जुनी चिंधी, नवं ऑइल, एवढंच सामान. गाडी घराच्या फाटकासमोर सपाटीला उभी होती. बॉनेट उघडून काठी लावली आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बस आत. फिरवायला कुणीतरी पाहिजे.”

संसारात पहिल्यांदाच मी त्या सीटवर बसले. आधी हात कपड्याला पुसले. यांनी खिडकीतून सगळं समजावलं. इंजिन चालू असेल तेव्हाच फिरवायचं, बंद असताना ते कुणालाही जडच लागतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचं, पण टोकाला दाबून धरायचं नाही, पंप रडतो. मध्ये उघडं बॉनेट, त्यामुळे मी यांना दिसणार नाही आणि हे मला. म्हणून खुणा ठरल्या. पत्र्यावर एक टकटक म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, पंजा आपटला की थांबायचं.

“आधी जुन्या ऑइलवरच फिरवून बघ. किती जड आहे ते कळू दे तुला.”

मी किल्ली फिरवली. एक टकटक झाली. मी आपला श्वास रोखून, दातओठ खाऊन जोर लावायला गेले, आणि ते चाक असं फिरलं की मीच दचकले. ओट्यावरून फडकं फिरवायला याहून जास्त जोर लागतो. दोनदा टकटक झाली. उजवीकडेही तसंच. मी कधी गाडी चालवली नव्हती, पण जड कशाला म्हणतात ते मला कळतं. सासूबाईंना मी एकटीने उचललेलं आहे.

गॅरेजवाला खरं बोलत होता. बिघाड गाडीत नव्हता.

“कसं वाटतंय?” बॉनेटपलीकडून आवाज आला.

माझ्या तोंडातून गेलं, “जड आहे हो.”

“बघ!” हे ओरडलेच. “मी काय सांगत होतो? घरात माझं ऐकतं कोण?”

त्या आवाजात इतका आनंद होता, की मला रडूच आलं.

मग काम सुरू झालं. हे स्टिअरिंग ऑइलच्या छोट्या टाकीचं झाकण काढून नळी आत सोडायचे, सिरिंजने जुनं ऑइल ओढायचे, रिकाम्या बाटलीत सोडायचे. ते कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं, वर जळका वास. “हे बघ काय घाण आहे! जड होणार नाही तर काय होईल?” मला उतरवून मुद्दाम दाखवलं. मग टाकीवरच्या रेघेपर्यंत नवं लालभडक ऑइल भरायचं. मग इंजिन चालू, एक टकटक, दोन टकटक, पंजा, इंजिन बंद. सगळं ऑइल टाकीत नसतं, नळ्यांमधूनही असतं, त्यामुळे एकदा काढून भागत नाही. फिरवलं की जुनं पुन्हा टाकीत येतं आणि लाल रंग गढूळ होतो. पुन्हा ओढायचं, पुन्हा भरायचं. बॉनेटखालच्या फटीतून मला यांचे हात आणि छाती एवढंच दिसत होतं. सिरिंजचा दट्ट्या उजव्या हाताने ओढला जात नव्हता. हे सिरिंज छातीशी दाबून डाव्याने ओढत होते, आणि अर्धं ऑइल शर्टावर सांडत होतं. तोंडाने गुणगुणत होते. मी किती दिवसांनी ऐकलं ते.

हळूहळू टाकीतला लाल रंग लालच राहायला लागला. काम नीट झालं होतं. गॅरेजमध्येसुद्धा याहून नीट झालं नसतं.

“आता बोल. कसंय?”

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले आहे. हलकं झालं म्हणाले तर उद्या सकाळी हे त्याच हाताने मास्तरीणबाईंना घेऊन निघणार, त्याच फाटकातून वळणार. जड म्हणाले तर निदान उद्या गाडी निघणार नाही. खरं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. इतक्या वर्षांत यांना एवढंच एक येतं, आणि ते आता येत नाही, हे बायकोने कोणत्या तोंडाने सांगायचं?

“अजून जडच आहे हो,” मी म्हणाले. “फिरवताना दम लागतोय मला.”

पुढची टकटक आली नाही. मी आपली फिरवत राहिले, डावीकडे, उजवीकडे, आणि वर “जड आहे, जड आहे” चाललेलंच. मग मान वळवली तर हे खिडकीशी उभे. केव्हा आले होते कोण जाणे. माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होते. माझा एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा मांडीवर निवांत पडला होता.

“खोटं बोलायचं तर निदान दोन्ही हात लाव,” हे म्हणाले.

मी उतरले. हे आत बसले. इंजिन चालूच होतं. यांनी उजव्या हाताने धरलं आणि वळवायला गेले. थोडं वळलं, मग हात निसटून मांडीत पडला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. नंतर डाव्या हाताने सहज टोकापर्यंत नेलं. टोकाला दाबून धरलं नाही. डाव्या हाताने इंजिन बंद केलं आणि बसून राहिले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“बाईंना फोन लाव,” म्हणाले.

यांचे हात ऑइलने माखले होते, म्हणून मी फोन यांच्या तोंडासमोर धरला, आवाज मोठा करून.

“बाई, उद्या मी येत नाही. दुसरी गाडी बघा.”

“अजून स्टिअरिंगचंच का, ड्रायव्हरसाहेब?”

“नाही. गाडी चांगली आहे.” यांनी उजव्या हाताकडे बघितलं. “माझा हात चालत नाही. उजवा. बरेच दिवस झाले. परवा खांबाला लागली ती माझ्यामुळे लागली, बाई. तुम्ही मागे होतात.”

जे मला एकदाही सांगितलं नाही ते त्यांना सांगितलं. मला राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदम.

पलीकडून बाईंचा वर्गातला आवाज आला. “डॉक्टरांना दाखवलंत?”

“नाही.”

“मग उद्या सकाळी तयार राहा. मी टॅक्सी घेऊन तुमच्या दारात येते. मी माझ्या मशीनवर जाईन, तुम्ही हाताच्या डॉक्टरकडे. दवाखाना तोच आहे. आणि मागे माझ्या शेजारी बसायचं, पुढे बसून त्या ड्रायव्हरला शिकवायचं नाही.”

फोन बंद झाला. बॉनेट अजून उघडंच होतं. हे चिंधीने एकेक बोट पुसत बसले, चांगला हात आणि दुसरा हात, दोन्ही. मग माझ्याकडे बघून विचारलं, अगदी खरंच माहीत नसल्यासारखं.

“मागे बसून करतात काय गं माणसं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “नुसतं बसायचं असतं.”