दरडीवरची खरपुडी

हिर्डोशीच्या वर, ढगात डोकं घातलेल्या वस्तीवर एक म्हातारी राहत होती, म्हंजे मीच. संगं ल्योक नामा, सून रखमा आन् दावणीच्या म्हशी. पुण्याची मॅडम आमच्याकडं यायला लागली, तवापासनं असले किस्से गोठ्यातल्या शेणावाणी साचत्यात. पाटी भरून भाईर काढावंच लागतं!

मॅडम आली खरपुडीसाठी. कंदिलासारखं फूल येतं, तेच झाड. आता दरडीवर कुठंतरी एखादंच उरलंय. तिला त्याचा जिनोम वाचायचा. "जन्मपत्रिकाच म्हणा, आजी," ती म्हणाली. पण झाड एकटं असलं तर बी धरत न्हाई. निराळ्या पत्रिकेचं दुसरं झाड घावलं, तर झाडांच्या राखणीचं काम कायमचं नामाला. न्हाई घावलं, तर नामा खाली वरव्या गावाला कंपनीत आन् म्हशी व्यापाऱ्याच्या टेम्पोत.

*

मॅडमच्या डब्यातनं धूर निघायचा, पण लांबनंच गार लागायचा! तिनं चिमट्यानं एक पान आत बुडवून काढलं. पापडासारखं कडकन मोडलं.

"मेलं व्हय?" रखमानं इचारलं.

"नाही. गोठून आहे तसं थांबलं."

"मग आमच्या ह्यांनाबी बुडवा! वरव्याला जायचं म्हणत्यात."

आमी लई हसलो. मॅडमनं झाकण मात्र घट्ट लावलं!

*

खरपुडीच्या फुलात माशी शिरली की आतले केस तिला भाईर येऊ देत न्हाईत. फूल मलूल झालं की मग सुटते. मॅडमच्या ड्रायव्हरनं एकदा फुलाला कान लावला. आत गुणगुण! मॅडमनं फूल उघडलं. रिकामं!

"उडाली असेल," मॅडम म्हणाली.

गुणगुण चालूच होती. ड्रायव्हर तवापासनं गाडीतनं उतरत न्हाई!

*

नामानं दोराला लोंबकळून घळीच्या दोन्ही अंगांची पानं आणली. अल्याड एक झाड, पल्याड एक. मधल्या घळीतनं शेळीबी जात न्हाई. आमी खूश! रिपोर्ट आला, तो मॅडमनं दोनदा वाचला.

"आजी, ही दोन नाहीत. एकच झाड आहे, दोन जागी."

"म्हंजे ते चालत पल्याड जातं?" रखमा म्हणाली.

"कुणीतरी कधी कंदाचा तुकडा नेऊन लावला असेल." म्हणाली खरं, पण त्या झाडाकडं पाठ करून पुन्हा काय बसली न्हाई!

व्यापारी येऊन म्हशी बघून गेला.

*

नामा दरडीवर राहिलेला दोर आणायला गेला, तो पिशवीत नवं पान घिऊन आला. मी आन् रखमा नुकत्याच नसरापूरवरनं यष्टीनं आलो होतो. माझ्या तोंडात कापूस. उरलेले दात डॉक्टरनं काढले होते.

नामा माझ्याकडं बघतच राहिला. "आई, तू कवा उतरलीस?"

"कुठनं रं?"

"दरडीवरनं! धुक्यातनं 'नामा, हितं ये' म्हणून हाक मारलीस. मी गप. पुन्यांदा मारलीस, तवा ओ दिली."

धुक्यात आमी एका हाकेला ओ देत न्हाई. माणूस असंल, तर दुसऱ्यांदा हाक मारतं.

"कपारीत बोट दावलंस. तितंच खरपुडी! हसलीसबी. सगळे दात होते तुझे."

म्या कापूस काढून त्याला तोंड दावलं.

पान निराळ्याच झाडाचं निघालं. मॅडमनं जुन्या झाडाचा पराग नव्याला लावला, शेंगा धरल्या. टेम्पो मोकळाच परत गेला. म्हशी दावणीला, नामा राखणीला. आन् रखमा भाकरी वाढताना अजून म्हणते, "आत्याबाई, एक दरडीवरच्या आत्याबाईंनाबी!"