तीनदा दिलेलं उत्तर

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा-मोर्च्यांचे ते दिवस. मी लालबागच्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. चाळिशीही उलटली नव्हती, पण ऐकू थोडं कमी यायला लागलं होतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारीण गॅलरीतून काही बोलली, की मी अंदाजानं हसून मान डोलवायची. एकदा ती सासरे गेल्याचं सांगत होती आणि मी म्हणाले, "वा, बरं झालं!"

त्यानंतर यजमानांनी मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "फार नाही, थोडंच कमी येतंय," डॉक्टर म्हणाले. "पण तुम्ही शिकवता. यंत्र लावलंत तर बरं." यंत्र म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, पोलक्यात अडकवायची. तिथून कानापर्यंत वायर. मी म्हटलं, विचार करून सांगते.

"यात लाजायचं काय? चष्मा लावतेसच ना?" घरी आल्यावर हे म्हणाले.

"चष्मा लावला म्हणून कुणी आंधळी म्हणत नाही," मी म्हणाले आणि तो विषय तिथंच संपवला.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. भूगोलाचा तास चालू होता आणि खाली रस्त्यावरून घोषणा देत मोर्चा चालला होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, नर्मदा कुठे उगम पावते? तिचे ओठ हलले. "मोठ्यानं," मी म्हटलं. पुन्हा नुसते ओठच हलले. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, पोरगी येत नसताना पुटपुटतेय.

"मिठाची गुळणी धरलीस का तोंडात? तास संपेपर्यंत दाराशी उभी राहा!"

ती खाली मान घालून उभी राहिली. घंटा झाल्यावर दुसरी एक मुलगी टेबलापाशी आली. "बाई, तिनं तीनदा सांगितलं. अमरकंटक. आम्हाला शेवटच्या बाकावर ऐकू आलं."

मी हजेरीचं पुस्तक उचललं. "मग मोठ्यानं बोलायला शिका," म्हटलं आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर मी परळला तिच्या चाळीत गेले. पोरगी तापानं निजली होती. वडील गिरणीत विणकर, सकाळची पाळी करून आलेले. मला बघून गडबडले. "काय झाला बाई? आमच्या चेडवान काय केल्यान?" ते केवढ्यानं तरी ओरडून बोलत होते.

"तिचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "मीच शिक्षा केली. मला ऐकू आलं नाही."

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

मी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. तरी त्यांना कळेना. बाहेर गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा सांगायला माझी जीभ रेटेना.

मुलगी उठून बसली आणि वडिलांकडे बघत, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी बोलली. त्यांचा चेहरा खुलला. "ताप बघूक इलात होय! बसा, बाई. ताप उतारलो आता, परवा येतली शाळेत." मग स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून म्हणाले, "लूमच्या आवाजान गेले. घरात सगळी माझ्याशी अशीच बोलतत."

पोरीनं मला सांभाळून घेतलं होतं. तिच्या आईनं दिलेला चहा मी प्यायले. खरं काय ते सांगायला अजून वेळ होता, तरी मी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात यंत्र घेतलं. पहिले काही दिवस पदर कानावरून घेऊन वर्गात जायची. डबीत लुगड्याची सळसळ एवढी वाजायची की मुलींचं बोलणं त्यात बुडायचं. शेवटी पदर खाली घेतला. वायर बघून कुणी हसलं नाही.

त्या मुलीची वर्गासमोर माफी मागायची मात्र राहिली. आज मागू, उद्या मागू म्हणत वर्ष सरलं. सातवी पास होऊन ती शाळेतून गेली. जाताना पाया पडायला आली, तेव्हाही मी एवढंच म्हणाले, "नीट शिक हो."