आईच्या गुडघ्यांसाठी गाडी

त्या उन्हाळ्यात मला कुठलीच गाडी नुसती गाडी म्हणून बघता येत नव्हती. ग्रोसरीच्या दुकानाबाहेर, मुलीच्या शाळेच्या पिकअप लाइनमध्ये, सिग्नलला, जिथे म्हणून एसयूव्ही दिसेल तिथे मी मनातल्या मनात तिचं मागचं दार उघडायचे आणि आईला आत बसवून बघायचे. पाय किती उचलावा लागेल, धरायला काही आहे का, उतरताना जमीन किती खाली राहील. एकदा पार्किंगमध्ये एका परक्या माणसाच्या गाडीशी मी इतकी वाकून बघत होते की तो लांबूनच "कॅन आय हेल्प यू?" करत आला. 'नाही बाबा, माझ्या आईचे गुडघे दुखतात,' हे इंग्रजीत कुठून सुरू करायचं ते सुचेना. मी ओशाळं हसले आणि तिथून सटकले.

आई कराडला एकटी राहत होती, बाबा गेल्यापासून. व्हिसा होता, तब्येत तशी ठीक होती, शेजारच्या मावशी घराकडे लक्ष ठेवायला तयार होत्या. तरी 'इकडे ये' म्हटलं की एकच उत्तर, "बघू." दिवाळी होऊ दे, बघू. थंडी सरू दे, बघू. माझा स्वभाव मुळात उतावळा. हो की नाही ते एकदा कळलं नाही तर मला अन्न गोड लागत नाही, आणि ही बाई मला वर्षभर 'बघू'वर टांगून ठेवत होती. एकदा मी फोनवर चिडलेच. "अगं पण अडचण काय आहे नेमकी?"

"गुडघे साथ देत नाहीत आता," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडं सगळं गाडीवर. दाराबाहेर पाऊल टाकलं की गाडी."

बस्स, मी ते वाक्य धरून बसले. आमची जुनी सेडान खरोखरच जमिनीला टेकलेली होती. त्यात तिचा एसी कुरकुरायला लागला होता, आणि अमेरिकेतल्या आमच्या चँडलर गावच्या वाळवंटी उन्हाळ्यात एसी नसलेली गाडी म्हणजे शिटी न होणारा कुकर. नवी गाडी घ्यायचीच होती. मग अशी घेऊ की आईला नाही म्हणायला तोंडच उरणार नाही, असं माझं गणित होतं. गाडी ठरली की आई येणार. हे गणित मी कुणाला नीट सांगितलं नाही, पण त्याच्यापायी माझी झोप उडाली होती.

माझा नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. साधा मिक्सर घ्यायचा तरी तो आधी तक्ता करतो. त्याने सगळ्या गाड्या चाळून शेवटी दोन ठेवल्या. एक पांढरी, सात सीटची, चढायला पायरी असलेली, अंगापिंडाने भरलेली. दुसरी लाल, पाच सीटची हायब्रिड. आमच्या घरात त्यांना मोठी आणि छोटी अशीच नावं पडली. त्याला छोटी हवी होती. मला मोठी.

"सात सीट कशाला पण?" तो म्हणाला. "आपण तिघं."

"आणि आई?"

"चौघं. पाचात चौघं बसतात." मग त्याने तक्ता मिटला. "पण आई यायच्या ठरल्यात का?"

प्रश्न त्याने साधाच विचारला होता, पण मला तो असा झोंबला की पुढे बराच वेळ आमचं बोलणं भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढ्यावरच आलं.

मग मीच गाड्यांच्या मागे लागले. ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये मी गाड्यांचे रिव्ह्यू बघायचे. गोरी माणसं डिकीत सायकली टाकून दाखवायची, कुत्री बसवून दाखवायची. सासू किंवा आई बसवून दाखवणारा एकही भेटला नाही. आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर विचारलं, तर जिच्या दारात जी गाडी तिने तीच घे म्हणून सांगितलं. सकाळी माझं मत मोठीकडे असायचं, दुपारी डगमगायचं, संध्याकाळी परत मोठी. हिला स्वतःला चालवायला कोणती गाडी बरी, हे मात्र कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा. कारण मी पडले गल्लीतली ड्रायव्हर. शाळा, ग्रोसरी, डान्स क्लास. फ्रीवेच्या, म्हणजे इथल्या हायवेच्या, रॅम्पवर चढताना शेजारून ट्रक धडधडत यायला लागले की माझे तळवे घामेजायचे. लांब जायचं असलं की नवराच चालवणार, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी बोलणंच झालं नव्हतं.

शेवटी मला एक युक्ती सुचली. इथे माझी एक मैत्रीण आहे, नागपूरची. तिची आई सहा महिन्यांसाठी आली होती. वय आईएवढंच, गुडघे तसेच, उंचीही तशीच. मापाला ब्लाउज मागावा तशी मी मैत्रिणीची आई मागून घेतली. काकू आनंदाने तयार झाल्या. घरात बसून त्यांना कंटाळा आला होता. शनिवारी दुपारी नारिंगी साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला पर्स अशा त्या डीलरकडे आमच्याबरोबर आल्या. मिशाळ सेल्समनने हात पुढे केला तर त्यांनी त्याला नमस्कार केला. मग त्यानेही हात जोडले.

आधी मोठी. काकूंनी निऱ्या वर धरल्या, पायरीवर पाय ठेवला, आणि "अगं माय" म्हणून तिथेच अडकल्या. वरून नवऱ्याने हात दिला, खालून मी रेटा दिला, तेव्हा कुठे त्या आत पोचल्या. धाप टाकत म्हणाल्या, "चढली तर चढली बाई. आता उतरीन कशी ते सांग."

माझा चेहरा उतरला. मग छोटी. काकू पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, दोन्ही पाय आत घेतले, झालं. "हे बरं आहे. घरच्या पलंगावर बसल्यासारखं." नवऱ्याने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. 

मग छोटीतून एक चक्कर मारू असं ठरलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही पुढे बसा. नीट बघा गाडी."

"नाही बाई, समोर कशाला? समोर पुरुषमाणसं बसतात. मी मागेच बरी."

सेल्समन पुढे बसला. नवरा चालवत होता, काकू आणि मी मागे. दोन-तीन वळणं झाली असतील. सेल्समन स्क्रीनचं कौतुक सांगत होता. मी काकूंना काहीतरी विचारायला वळले, तर त्यांचे डोळे मिटलेले. एक हात खिडकीशी आणि दुसऱ्या हातात पर्समधून काढलेलं लिंबू, नाकाशी धरलेलं.

"काकू, झोप लागली का?"

"झोप कसची पोरी," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "गाडी लागून राहिली मला. मागे बसली की असंच होते. डोळे मिटले की जरा बरं वाटते."

मी गाडी थांबवायला लावली. काकूंना पाणी दिलं, वारा घातला. सेल्समन घाबरून एसी वाढवत बसला. माझं मात्र कशातच लक्ष नव्हतं. मला ते लिंबू दिसत होतं.

आई-बाबा दोघं मिळून आले होते तेव्हा आम्ही त्यांना खूप फिरवलं होतं. लाल डोंगर, मोठी दरी, धरण. बाबा पुढे बसून रस्त्यावरचे सगळे बोर्ड मोठ्याने वाचायचे आणि जावयाला मायलेज विचारायचे. मागे मी, मुलगी आणि आई. आई निघाल्यापासून पोचेपर्यंत डोळे मिटून. तिच्या पर्समध्येही लिंबू असायचं. मला वाटायचं, प्रवासाला निघताना काहीतरी जवळ ठेवायची तिची पद्धत असेल. 'हिने अख्खी अमेरिका झोपेत बघितली,' हा आमच्या घरातला पेटंट विनोद झाला होता. बाबा कराडला येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ऐकवायचे. आईसुद्धा हसायची. ती हसायची हे आठवून मला आणखीच राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्या आल्या मी आईला फोन लावला. तिच्याकडे रविवारची सकाळ होती.

"आई, तुला गाडी लागते?"

"हे काय मध्येच?"

"लागते का ते सांग."

"लागते की. पहिल्यापासून. लग्नाच्या वऱ्हाडात लागली होती, घाटात." ती हसली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय करणार होतीस? पुढं तुझे बाबा बसायचे. त्यांना पाय पसरायला लागायचे."

"म्हणून तू येत नाहीस?"

मागे कुठेतरी दूधवाल्याची हाक ऐकू आली. "गुडघेही दुखतात गं," ती हळूच म्हणाली. "पण परत ते सगळं... नको वाटतं. तुम्ही हौसेनं नेणार आणि मी तोंडाशी पिशवी धरून बसणार."

"मग या वेळी तू पुढे बस."

"जावयांच्या शेजारी? काहीतरीच तुझं! दिवस दिवस शेजारी बसून काय बोलायचं त्यांच्याशी? मला नाही बरं वाटत ते."

नवरा सोफ्यावर बसून ऐकत होता. त्याने हतबल होऊन खांदे उडवले. हे त्याच्या तक्त्यात नव्हतं आणि माझ्या गणितातही नव्हतं. पायरीची उंची, मागच्या सीटची रुंदी, डिकी, सगळं एका क्षणात फुकट गेलं. आई यायची नाही आणि याचं कारण कुठल्याही शोरूममध्ये बदलून मिळणार नाही, असं वाटून मी रडायच्या बेताला आले होते.

"मी चालवते," मी म्हणाले.

"तू?" असं दोघं एकदमच म्हणाले, आई कराडहून आणि नवरा सोफ्यावरून.

"तुला तो मोठा रस्ता जमत नाही ना?" आई म्हणाली.

"जमवते."

मी 'बघू'ची वाट बघत होते.

"तू चालवणार असशील तर येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्याच दोन गाड्यांपुढे उभे होतो. या वेळी मी ड्रायव्हरच्या सीटवर. मोठीत बसले तर पुढे ते बॉनेट लांबच लांब पसरलेलं, आणि आपण लेनमध्ये आहोत की दोन लेनमध्ये ते कळेना. पार्किंगमधून बाहेर काढतानाच मी सेल्समनच्या मिशा थरथरवल्या. छोटीत बसले आणि खांदे खाली आले. चारही कोपरे कुठे आहेत ते मला बसल्या बसल्या समजत होतं. नवरा माझ्या मागच्या सीटवर बसून बघत होता. तो सहा फुटी आहे.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"मस्त," तो म्हणाला. त्याचे गुडघे हनुवटीला लागायचेच बाकी होते. आरशात बघून मला त्याचा फार लोभ वाटला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

छोटी घेतली. देवळात पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली. "व्हाय आर वी किलिंग लेमन्स?" मुलीने विचारलं. पुढे आई येईपर्यंत दर रविवारी सकाळी मी फ्रीवेवर. नवरा शेजारी, पायाखाली नसलेला ब्रेक दाबत. काही रविवार मी पुढच्याच एक्झिटला खाली उतरले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. एकदा त्याला ओरडून खाली उतरवलं आणि मग परत घ्यायला गेले. आईचं तिकीट निघाल्यावर तर घरात भांडं पडलं तरी मी दचकायला लागले.

ती आली त्या दुपारी ऊन रणरणत होतं. एअरपोर्टच्या व्हीलचेअरवरून उतरून तिने आधी नातीचे गाल कुरवाळले, मग गाडीकडे बघितलं. बॅगा टाकून नवरा आणि मुलगी झटकन मागे जाऊन बसले, तिला विचार करायला जागा नको म्हणून. आई ठरवून आली असावी. मागच्या दाराकडे न बघता ती तडक पुढच्या डाव्या दाराशी गेली, कराडला ड्रायव्हरशेजारची सीट जिकडे असते तिकडे, आणि दार उघडून थबकली.

"अगं बाई, इथं तर स्टिअरिंग आहे."

"ती माझी जागा आहे, आई. तू पलीकडून."

तिने स्टिअरिंगला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि गाडीला वळसा घालून गेली. टेकली, एकेक पाय आत घेतला. गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही.

रॅम्पवर नेहमीसारखाच एक ट्रक शेजारून आला. मी आरसा बघितला आणि फ्रीवेच्या लेनमध्ये शिरले. शेजारी वळून बघायची माझी हिंमत नव्हती, रस्त्यामुळे आणि तिच्यामुळेही. बराच वेळ झाला तरी ती गप्पच, तेव्हा मला राहवेना.

"आई, डोळे मिटलेस का? मळमळतंय?"

"छे गं," ती म्हणाली. "तो केवढा डोंगर आहे तिकडं! मागच्या वेळी होता का हा?"

"होता," मी म्हणाले.